पट्टीमागची भेग

सोमवारी सकाळी साडेनऊला सोसायटीच्या सेक्रेटरींनी चौथ्या मजल्यावरच्या पॅसेजमधली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काढली, आणि पावणेदहाला ते जिन्याच्या पायरीवर बसले होते. ठरवून बसले नव्हते.

सेक्रेटरी पेशाने शिंपी. चाळीस वर्षं लोकांच्या पॅंटी शिवल्या म्हणून सगळी इमारत त्यांना मास्तर म्हणे. हे पद त्यांनी मागितलं नव्हतं. वार्षिक सभेला ते दहा मिनिटं उशिरा पोचले, तोवर ठराव होऊन टाळ्याही वाजून गेल्या होत्या.

ती पट्टी प्रत्येक मजल्यावर होती. तळहाताएवढी रुंद, जमिनीपासून छतापर्यंत, भिंतीच्याच रंगात रंगवलेली. बावीस वर्षांत तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मास्तरांनीही पाहिलं नसतं. पण आदल्या दिवशी, रविवारी, ते शिबिराला जाऊन आले होते.

शिबिर सोसायट्यांच्या कमिटीवाल्यांसाठी होतं, इमारतीची निगा कशी राखावी यावर. इथून दोघं गेले होते, मास्तर आणि अध्यक्षीणबाई. अध्यक्षीणबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना हेडबाई म्हणत, त्यांच्या तोंडावरसुद्धा. सकाळभर एका इंजिनियरने पडद्यावर फोटो दाखवले. कोसळलेले सज्जे, वाकलेले खांब, गंजून फुगलेल्या सळ्या. प्रत्येक फोटोला तो एकच वाक्य म्हणायचा, "आदल्या दिवसापर्यंत ही इमारत ठणठणीत दिसत होती." मास्तरांनी वहीत लिहून घेतलं, 'ठणठणीत दिसणं हेच लक्षण.'

मग त्याने मेलेली भेग आणि जिवंत भेग समजावली. मेलेली पडून राहते, जिवंत हलते. ओळखायची कशी? भेगेवर आडवी, काचेची पातळ पट्टी चिकटवायची आणि वर तारीख घालायची. काच फुटली तर भेग जिवंत. मास्तरांनी 'जिवंत'खाली तीन रेघा ओढल्या. मग जेवण झालं. जेवणानंतर पुन्हा पडदे ओढले, अंधार झाला, पंखे फिरू लागले. त्या तासाबद्दल मास्तरांच्या वहीत काही नाही. एक रेघ तेवढी आहे, पानाच्या मध्यावरून निघून घसरत घसरत खाली गेलेली. हेडबाई शेजारी ताठ बसल्या होत्या. पण तीस वर्षं परीक्षेच्या वर्गावर देखरेख केल्यामुळे त्यांना ताठ बसून झोपता येत असे.

तर सोमवारी पट्टी निघाली आणि मागे भेग दिसली. भेग कसली, चांगली दोन बोटांची फट! वरपासून खालपर्यंत, इस्त्रीच्या घडीसारखी सरळ. आतून गार वारा येत होता. खोली किती ते बघायला मास्तरांनी लाकडी फूटपट्टी आत घातली. ती पुरी गेली आणि हातातून सुटली. मास्तर कान देऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने, फार खालून, खट्ट असा आवाज आला.

म्हणजे कोणालातरी हे माहीत होतं! भेग होती, आणि कोणीतरी तिच्यावर पट्टी ठोकून, वर रंग फासून गुपचूप निघून गेलं होतं. आणि आपण बावीस वर्षं त्याच पट्टीला टेकून शेजाऱ्यांशी गप्पा मारत होतो.

"अहो, चहा निवतोय," बायको दारातून म्हणाली. "असे काय बसलात?"

"इमारत उसवलीये."

"कुठे?"

"मधोमध. वरपासून खालपर्यंत."

तिने शिंप्याबरोबर चाळीस वर्षं संसार केला होता. "मग घाला की दोन टाके," ती म्हणाली आणि आत गेली.

मास्तरांची नजर मात्र तिच्या मागोमाग घरात गेली. भिंतीपलीकडे, फटीपासून चार हातांवर, अक्काचा पलंग होता.

अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी. आई गेली तेव्हा मास्तर पाच वर्षांचे होते. नाक पुसण्यापासून सुईत दोरा ओवण्यापर्यंत सगळं अक्कानेच शिकवलं, आणि खोटं बोललं की गालावर काय उमटतं तेही. दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून पलंग, खुर्ची आणि खिडकी, एवढंच तिचं जग. इमारतीला लिफ्ट नव्हती. मास्तरांनी मनातल्या मनात पायऱ्या मोजल्या. बहात्तर. इमारत हलायला लागली तर दुसऱ्या मजल्यावरचा प्लंबर पळेल, हेडबाई पळतील, बायको बडबड करत का होईना पळेल. अक्का काय करेल?

मास्तर उठले. फोटोफ्रेमवाल्याकडून काचेच्या पाच पट्ट्या कापून आणल्या, पाचही मजल्यांवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या काढल्या, फटींवर काचा चिकटवल्या. तारीख घालताना घाईत दुसऱ्या मजल्यावर चालू महिन्याऐवजी भलताच महिना पडला.

मंगळवारी दुपारी दोन वाजता चौथ्या मजल्यावरची काच त्यांच्या डोळ्यांदेखत फुटली. कोणी हात लावला नव्हता. समोर खुर्ची टाकून मास्तर तिच्याकडे टक लावून बसले होते, आणि काचेवर बारीक रेघ उमटली, टिच्! मास्तर जिन्याने खाली धावले. तिसऱ्या मजल्यावरची फुटलेली. दुसऱ्यावरची फुटलेली. पहिल्यावरची तडकलेली. तळमजल्यावरची तेवढी शाबूत होती. म्हणजे इमारत वरून खाली फाटत येत होती!

हेडबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मास्तर, घाबरायचं नाही. घाबरायचंच असेल तर शिस्तीत."

तासाभरात त्यांच्या घरी बैठक भरली. भिंतीला टेकून बसायला कोणी तयार नव्हतं, त्यामुळे सगळे खोलीच्या मधोमध दाटीवाटीने उभे होते.

"भेग जिवंत आहे म्हणजे काय?" प्लंबरने विचारलं. "खाते-पिते?"

"चेष्टा नको. हलते," मास्तर म्हणाले.

"बरं, हलते. शिबिरात उपाय काय सांगितला?"

मास्तरांनी हेडबाईंकडे पाहिलं. हेडबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. उपाय जेवणानंतर सांगितला असणार आणि तो दुसऱ्याने ऐकला असणार, असं दोघांनाही मनापासून वाटत होतं.

"तो भाग मास्तरांकडे आहे," हेडबाई म्हणाल्या.

"माझ्या वहीत आहे," मास्तर म्हणाले, "पण अक्षर लागत नाही."

तेवढ्यात डाव्या बाजूच्या एका गृहस्थांच्या डोक्यात आलं की भेग मधोमध आहे, म्हणजे पडणार ती एकच बाजू. "पाण्याची टाकी तुमच्या बाजूला आहे," ते उजव्या बाजूवाल्यांना म्हणाले. "वजन तुमचं. तुम्हीच पडणार."

"आम्ही पडू नाहीतर लटकू," प्लंबरची बायको उसळली, "पण पाणी आमच्याच टाकीचं पिता ना?"

"पडताना आम्हाला ओढू नका म्हणजे झालं!"

"ओढणारच! हाताला धरून ओढू!"

हेडबाईंनी टेबलावर फूटपट्टी आपटली. आवाजासरशी सगळे दचकून खाली बसले, हेडबाईसुद्धा.

संध्याकाळी जिन्यात सूचना लागली. जिन्यात धावू नये. दारं आपटू नयेत. जड कपाटं फटीपासून लांब सरकवावीत. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी कपडे धुण्याचं मशीन लावू नये. शेवटची सूचना शिंकेबद्दल होती. ती खोडली होती, पण वाचता येत होती. त्या दिवसापासून लोक चवड्यांवर चालू लागले, कानात बोलू लागले. बुधवारी सकाळी इमारतीत इतकं सामसूम झालं की त्या शांततेचीच मास्तरांना धडकी भरली.

"बाळ्या," अक्काने हाक मारली. सहासष्ट वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारी ती एकटीच उरली होती. "कोण गेलं रे?"

"कोणी नाही, अक्का."

"मग सगळे असे दबकत का चालताहेत?"

"जिन्यात रंगकाम चाललंय."

"माझ्याकडे बघून सांग."

मास्तरांनी बघून सांगितलं, ते सगळं खरंच सांगितलं. अक्का ऐकत होती. मग म्हणाली, "पडू दे. मी दोन वर्षं पडूनच आहे. आता तिची पाळी."

"अक्का, थट्टा नको. वेळ आली तर तुला खाली न्यावं लागेल."

"मला उचलायचं नाही. मी काय तुझं शिलाई मशीन आहे? तुम्ही जा. मी इथे बरी आहे." आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. तोंड फिरवलं की अक्काशी बोलणं संपलं, हे मास्तरांना एकसष्ट वर्षांपासून ठाऊक होतं.

अक्का उतरणार नाही, तर मग इमारतच उभी ठेवायला हवी. मास्तरांनी गवंड्याला बोलावलं. गवंड्याने फटीत बोट फिरवलं, वर पाहिलं, खाली पाहिलं.

"मास्तर, ही मुद्दाम सोडल्यासारखी दिसतेय."

"मुद्दाम कोण भेग सोडतं?" मास्तर त्याच्या अंगावरच गेले. भित्रा माणूस घाबरला की फार चिडतो. "तू भर!"

"मला काय, भरतो," गवंडी म्हणाला, आणि त्याने संध्याकाळपर्यंत चौथ्या आणि तिसऱ्या मजल्यावरची फट वाळू-सिमेंटने गच्च भरून टाकली. गुळगुळीत भिंत बघून मास्तरांना चार घास गोड लागले.

गुरुवारी भर दुपारी, ऊन रणरणत असताना, पॅसेजमध्ये धाडकन आवाज झाला. मास्तर बाहेर धावले. भरलेल्या सिमेंटमधून विटेएवढा तुकडा उडून समोरच्या दारावर आपटला होता, आणि उरलेल्या सिमेंटमधून करकर, करकर असा आवाज येत होता. दात खावेत तसा. इमारत सिमेंट चावत होती!

हेडबाईंनी शिबिराच्या माहितीपत्रकावरून इंजिनियरला फोन लावला. मास्तर त्यांच्या रिसीव्हरला जवळजवळ कान चिकटवून उभे होते.

"फट? सरळ आहे? वर पट्टी होती?" इंजिनियर विचारत होता. "मग तिचं काय? काय? सिमेंट भरलंत? कोणी? अहो, आता कशालाही हात लावू नका! मी आत्ता निघतो!"

फोन ठेवताना हेडबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. शिबिरात हाच माणूस म्हणाला होता, अर्ज द्या, पंधरा दिवसांत बघू. आणि तो आत्ता निघतो म्हणतो!

"मास्तर," त्या म्हणाल्या, "सगळ्यांना खाली काढा."

दहा मिनिटांत इमारत रिकामी झाली. शिस्तीचे सगळे नियम पायदळी तुडवून लोक पळाले. मास्तरांनी खालून प्लंबरला आणि दुसऱ्या मजल्यावरची फट भरायला आलेल्या गवंड्याला हाताला धरून वर आणलं. अक्का काही बोलायच्या आत तिला खुर्चीत बसवली आणि चादरीने बांधली. तिने दोन चापट्या मारल्या, त्या गवंड्याला लागल्या.

"लवकर, लवकर!" मास्तर ओरडत होते. "अरे, हळू, हळू!"

"मास्तर, दोन्हींपैकी एक काहीतरी सांगा," खालच्या पायऱ्यांवरून उलटा उतरणारा प्लंबर धापा टाकत म्हणाला.

प्रत्येक वळणावर ती फट समोर येत होती. मास्तर अक्काचा हात घट्ट धरून, फटीकडे न बघता, पायऱ्या मोजत उतरत होते. त्यांना रडू येत होतं. अक्काचा नूर मात्र तिसऱ्या मजल्याला पालटला.

"हा रंग कधी दिला? हिरवा? कोणाची अक्कल?"

"अक्का, गप्प बस ना."

"हे दारात बूट कोणाचे? नवीन बिऱ्हाड आलं आणि मला कोणी सांगितलं नाही! थांबा जरा, पाटी वाचू दे."

"अक्का, इमारत पडतेय!"

"तिला दोन मिनिटं थांबायला काय होतंय?"

खाली अंगणाच्या टोकाशी, फाटकाजवळ, सगळे घोळक्याने उभे होते. अक्काची खुर्ची त्यांच्यात ठेवली. मग सगळ्यांनी माना वर केल्या आणि इमारतीकडे बघत राहिले. डावे आणि उजवे आता एकमेकांचे हात धरून उभे होते. मास्तरांना प्रत्येक खिडकी किंचित हलल्यासारखी वाटत होती.

"बाळ्या! ते बघ!" अक्का एकदम किंचाळली.

मास्तरांनी खुर्ची घट्ट धरली. बाकीचे सगळे फाटकाबाहेर गेले. "काय पडतंय?"

"पडत नाही रे, वाढतंय! माझं झाड!"

चौथ्या मजल्यावर, अक्काच्या खिडकीखालच्या सज्ज्यातून एक झाड उगवलं होतं. भिंतीतच. वरून अक्काला त्याचा नुसता शेंडा दिसायचा. चार पानं वाऱ्यावर हलायची, तेवढीच. रोज सकाळी पेल्यात उरलेलं पाणी ती त्याला घालायची. आज खालून तिने ते पहिल्यांदाच अख्खं पाहिलं. मनगटाएवढं खोड, पसरलेल्या फांद्या, आणि भिंतीला धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरलेली मुळं.

"केवढं झालंय रे," अक्का म्हणाली. "मला वाटलं, एवढंसं असेल." तिचे डोळे भरून आले होते. दोन वर्षांत मास्तरांनी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. "दोन वर्षं मी एवढं एकच काम केलं बघ."

तेवढ्यात इंजिनियरची स्कूटर आली. तो कोणाशी न बोलता वर गेला, मागोमाग गवंडी गेला. पंधरा मिनिटांनी उतरला तेव्हा त्याच्या केसांत सिमेंटची धूळ होती.

"सेक्रेटरी कोण?"

मास्तर पुढे झाले. "साहेब, किती वेळ आहे आपल्याकडे?"

"कशाला?"

"पडायला."

इंजिनियरने त्यांच्याकडे बघितलं. "मास्तर, तुम्ही कपडे शिवता असं आत्ता वर गवंडी म्हणाला. पॅंट शिवताना बसायला-उठायला सैल ठेवता की अंगाला चिकटवून शिवता?"

"सैल ठेवतो."

"तसंच आहे हे. ही एक इमारत नाही, शेजारी शेजारी दोन आहेत. उन्हात त्या फुगतात, गारव्यात आकसतात. फुगायला जागा लागते म्हणून मधे फट सोडलेली असते. ती रोजच हलणार, रोजच काच फुटणार. हललीच पाहिजे. तुम्ही तिच्यात सिमेंट कोंबलंत, दुपारी इमारत फुगली, तिने ते थुंकलं. नशीब समजा. ते सगळं काढा आणि पट्ट्या होत्या तशा लावा." मग तो जरा दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "रविवारी जेवणानंतर तासभर मी दुसरं काय सांगत होतो?"

हेडबाईंनी आकाशाकडे पाहिलं. "आम्ही फक्त खात्री करून घेत होतो," त्या म्हणाल्या.

अंगणात हसणं फुटलं. माणसं फाटकातून आत आली, कोणी जमिनीवर बसलं, कोणी कोणाच्या पाठीत धपाटा घातला. मास्तरांना वाटलं, आपण आता तरंगत वर जाऊ. आणि त्याच वेळी इंजिनियरने मान वर केली.

"ते काय आहे?"

"झाड आहे," प्लंबर म्हणाला.

"कोणी वाढवलं?"

चारदोन माणसं हळूच खुर्चीच्या आणि इंजिनियरच्या मधे येऊन उभी राहिली.

"त्या फटीने तुमचं काही बिघडणार नाही," इंजिनियर म्हणाला. "बिघडणार आहे ते याने. मुळं भिंतीत शिरलीत. खऱ्या भेगा बघायच्यात ना? त्या बघा, मुळांच्या दोन्ही अंगांना. हे मुळासकट काढायला हवं."

हसणं बंद झालं. सगळ्यांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. अक्का प्लंबरच्या बायकोला ओढून जवळ बसवून झाडाची गोष्ट सांगत होती, हात वर करकरून.

"एकमताने मंजूर," हेडबाई भराभर म्हणाल्या. "संबंधितांना कळवण्याचं काम सेक्रेटरींचं."

"बाई, तुम्ही अध्यक्ष आहात. तुम्ही सांगा."

"मी? मी तीस वर्षं आठशे पोरं सांभाळली, मास्तर. पण हे मला सांगू नका."

"प्लंबर?"

"मला एक नळ आठवला," प्लंबर म्हणाला आणि निघून गेला.

चार दिवस मास्तरांना वाटत होतं की याहून मोठी भीती माणसाला होऊच शकत नाही. ती चूक होती. त्यांनी इंजिनियरला कोपर धरून बाजूला नेलं आणि आवाज अगदी खाली आणला. "साहेब, समजा... नाही काढलं. तर?"

"लगेच नाही काही होणार. पण पंधरा वर्षांत सज्जा खाली येईल."

"पंधरा नक्की?"

"पंधरा धरून चाला."

मास्तरांनी पाठीमागे हात घेऊन बोटं मोजली. एक्क्याऐंशी आणि पंधरा, शहाण्णव. शेजारी हेडबाईंची बोटंही हलत होती. दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. मास्तरांनी मोकळा श्वास घेतला, आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तरीही बरं वाटत राहिलं.

"बाळ्या!" अक्काची हाक अंगणभर घुमली. दोन वर्षांनी ती उन्हात बसली होती. गालांवर लाली आली होती, चादर सोडून तिने कधीच बाजूला टाकली होती. "उद्यापासून मला रोज खाली आणायचं. ही हवा मला मानवतेय. आणि चालायला शिकवणारं कोणी आहे का, तेही बघ. या झाडाकडे बघून वाटतंय, शंभरी गाठायला काही हरकत नाही!"

मास्तर सावकाश इंजिनियरकडे वळले.

"साहेब," ते म्हणाले, "पंधराची वीस नाही का होणार?"